सिलिॲक आजारात मनाची उभारी: आयुष्यभराचं पथ्य पेलायचं कसं

सिलिॲकचं निदान झालं की पहिले काही दिवस बऱ्याच जणांना हायसंच वाटतं. वर्षानुवर्षं पोट फुगतंय, थकवा जात नाही, रक्त कमी भरतंय आणि वरून ‘हे तुमच्या मनाचे खेळ आहेत’ असं ऐकून घ्यावं लागतंय. या सगळ्याला अखेर एक नाव मिळतं. डॉक्टर सांगतात की गहू, जव आणि राय (गव्हासारखंच एक धान्य) यांतल्या ग्लूटेन या प्रथिनामुळे प्रतिकारशक्ती आपल्याच आतड्यावर हल्ला करते, म्हणून ही धान्यं आयुष्यभर बंद, औषध नाही, पथ्य हाच उपचार. मग काही आठवड्यांनी कुठल्याशा समारंभात भरलेल्या टेबलासमोर रिकामी ताटली घेऊन उभं असताना ‘आयुष्यभर’ या शब्दाचं वजन कळतं.

पथ्याबद्दल माहिती भरपूर मिळते. ते पथ्य ज्या मनाला रोज ओढायचं असतं, त्याच्याबद्दल फार कमी बोललं जातं. सिलिॲक असलेल्या प्रौढांमध्ये चिंता आणि नैराश्य इतरांपेक्षा जास्त आढळतं आणि त्याचं कारण दुबळा स्वभाव हे नसतं. दिवसातून पाच-सहा वेळा ‘हे खाऊ की नको’ हा निर्णय घ्यायचा, तो चुकला तर शरीर शिक्षा करणार आणि आजूबाजूच्यांना त्यातलं काहीच दिसत नाही, अशा जगण्यात कुणाचंही मन थकेल.

इथे उभारी म्हणजे खंबीर चेहरा करून फिरणं असा अर्थ धरलेला नाही. चूक झाली, कुणी टोमणा मारला, पोट बिघडलं, तर त्यानंतर माणूस किती लवकर आपल्या नेहमीच्या जगण्यात परततो, ती उभारी. ती स्वभावापेक्षा मांडणीवर जास्त अवलंबून असते, असं आमचं ठाम मत आहे. सावधगिरी फडताळात, यादीत आणि ठरलेल्या वाक्यांत जितकी नीट बसवाल, तितकी ती डोक्यावरून उतरते.

पहिली पायरी: मनाला दोष देण्याआधी रक्त तपासा

आतड्याच्या आतल्या अस्तराला सूज असते तेव्हा अन्नातली पोषकद्रव्यं नीट शोषली जात नाहीत. लोह कमी पडलं की थकवा येतो, चिडचिड होते. बी-१२ कमी पडलं की उदास वाटतं, विसरायला होतं. सिलिॲकसोबत थायरॉइडचे स्वप्रतिरक्षित (प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटल्याने होणारे) आजारही जास्त दिसतात आणि मंदावलेला थायरॉइड हुबेहूब नैराश्यासारखा वागतो. म्हणून उदासी दोन आठवड्यांहून जास्त टिकली तर हिमोग्लोबिन, फेरिटिन (लोहाचा साठा), बी-१२, फोलेट, ड जीवनसत्त्व आणि टीएसएच (थायरॉइडसाठी) या तपासण्यांबद्दल डॉक्टरांना विचारा. लोहाची गोळी हवी असताना माणूस स्वतःच्या मनोबलाला कोसत बसतो, हे फार वेळा घडतं.

सोबत पीएचक्यू-९ ही नैराश्य तपासणारी नऊ प्रश्नांची प्रश्नावली भरा. ती गेल्या दोन आठवड्यांबद्दल विचारते आणि एकूण गुण ० ते २७ असतात. १० किंवा जास्त आले तर डॉक्टरांशी किंवा मानसोपचारतज्ज्ञांशी बोला. नववा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या किंवा मरणाच्या विचारांबद्दल आहे. तिथे शून्याखेरीज काहीही उत्तर आलं तर एकूण गुण न बघता त्याच दिवशी मदत मागा.

बरं वाटण्याचं वेळापत्रकही आधीच माहीत असलेलं बरं. पोट काही आठवड्यांत शांत होऊ शकतं. या आजारात रक्तात वाढलेली टीटीजी प्रतिद्रव्यं खाली यायला साधारण सहा महिने ते दोन वर्षं लागतात आणि प्रौढांमध्ये आतड्याचं अस्तर भरून यायला कधी त्याहून जास्त. हे ठाऊक नसलेला माणूस तिसऱ्या महिन्यात ‘एवढं करूनही काही उपयोग नाही’ म्हणून खचतो.

दुसरी पायरी: गेलं काय, ते नेमकं लिहा

वीस मिनिटं काढा आणि कागदावर दोन रकाने आखा. डावीकडे पथ्यामुळे काय काय गेलं ते लिहा. संकोच नको, क्षुल्लक वाटणारंही लिहा. मग प्रत्येक ओळीसमोर उजवीकडे लिहा: यातला पदार्थ गेला की प्रसंग गेला?

‘ब्रेड गेला’ ही पदार्थाची ओळ आहे. ‘सुट्टीच्या दिवशी मित्रांसोबत बाहेर बसणं गेलं’ ही प्रसंगाची. पदार्थ बहुधा जसाच्या तसा परत मिळत नाही. त्याचं दुःख करायला हवं, आणि ‘याहून वाईट आजार असतात’ असं स्वतःला सांगून ते दडपू नये, कारण दडपलेलं दुःख सहा महिन्यांनी ‘एक दिवस खाल्लं तर काय होतं’ या रूपात परत येतं. प्रसंग मात्र जवळजवळ सगळे परत मिळवता येतात, फक्त वेगळ्या तयारीने. त्यांच्यातले तीन निवडा. पुढच्या पायऱ्या त्या तीन प्रसंगांसाठी वापरायच्या आहेत.

तिसरी पायरी: भीतीला माप लावा

अंदाजाने घाबरणारा माणूस सगळ्यालाच घाबरतो. म्हणून काही आकडे पाठ असू द्यावेत.

आंतरराष्ट्रीय अन्नमानकांनुसार एक किलो अन्नात २० मिलिग्रॅम किंवा त्याहून कमी ग्लूटेन असेल तर ते ग्लूटेनमुक्त मानतात. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत रोज ५० मिलिग्रॅम ग्लूटेन तीन महिने दिल्यावर आतड्याचं नुकसान दिसलं. रोज १० मिलिग्रॅमपर्यंतचं प्रमाण बहुतेकांना सोसतं असं सर्वसाधारणपणे मानतात, पण व्यक्तीगणिक फरक असतो आणि त्या चाचणीतही १० मिलिग्रॅम घेणाऱ्या एका रुग्णाचा त्रास परतला होता. म्हणून हा आकडा खाण्याची परवानगी म्हणून वापरायचा नाही, अंदाज येण्यासाठी वापरायचा.

आता हिशोब करा. २० मिलिग्रॅम प्रतिकिलो या कमाल मर्यादेवरचं अन्न घेतलं, तरी १० मिलिग्रॅम पोटात जायला त्याचं अर्धा किलो खावं लागेल. उलट गव्हाच्या ब्रेडच्या एका चकतीत साधारण २ ग्रॅम म्हणजे २००० मिलिग्रॅम ग्लूटेन असतं. तिच्या दोनशेव्या भागात १० मिलिग्रॅम भरतं, आणि दोनशेवा भाग म्हणजे बोटाला चिकटलेला एक चुरा. यावरून दोन गोष्टी निघतात: ग्लूटेनमुक्त छापाच्या पाकिटाला धास्तावून जगायचं कारण नाही, आणि लोण्याच्या डबीत पडलेल्या चुऱ्यांना ‘एवढ्याशाने काय होतं’ म्हणायचीही सोय नाही.

स्वयंपाकघरातली सगळी संकटंही सारखी नसतात. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या प्रयोगात, ज्या पाण्यात आधी गव्हाचा पास्ता उकळला होता त्याच पाण्यात ग्लूटेनमुक्त पास्ता शिजवल्यावर त्यात किलोमागे २० मिलिग्रॅमच्या वर ग्लूटेन आढळलं. सामायिक टोस्टरमध्ये भाजलेल्या ग्लूटेनमुक्त ब्रेडमध्ये मात्र ते मर्यादेच्या आत राहिलं. एका प्रयोगावर विसंबून टोस्टर एकत्र करू नका, वेगळा ठेवणं सोपं आहे. पण कुणाच्या घरी चुकून त्यांच्या टोस्टरमधला तुकडा खाल्ला गेला तर रात्रभर जागं राहण्याचं कारण नाही, एवढं यातून नक्की घ्यावं.

या मापाने तीन याद्या करून फ्रिजवर लावा. ‘कधीच नाही’मध्ये गहू-जव-राय असलेलं काहीही, उकळलेलं सामायिक पाणी, पिठात घोळलेले पदार्थ ज्यात तळले ते तेल आणि ज्याचे घटक माहीत नाहीत असं सगळं. ‘विचारून’मध्ये सॉस, सूप, मसाल्यांची मिश्रणं, औषधांच्या गोळ्यांतले इतर घटक आणि ओट्स. ओट्स खास ग्लूटेनमुक्त म्हणून पिकवलेले हवेत, आणि तसे असले तरी थोड्या लोकांना सोसत नाहीत, म्हणून डॉक्टरांना विचारून सुरू करा. तिसरी यादी सगळ्यात जास्त कामाची आणि नेमकी तीच कुणी करत नाही: ‘काळजी नको’. गव्हाचं खाणाऱ्याच्या शेजारी बसणं, ब्रेडला हात लावून मग हात धुणं, साबणाने नीट घासलेली काचेची किंवा स्टीलची भांडी. ग्लूटेन त्वचेतून आत जात नाही, ते तोंडावाटेच पोटात जावं लागतं. कोरड्या पिठाची धूळ उडत असेल तर ती तोंडात जाऊन गिळली जाऊ शकते, तेवढ्यापुरतं त्या खोलीतून बाहेर थांबावं.

चौथी पायरी: निर्णय एकदाच घ्या

जो नियम ठरलेला असतो त्यावर रोज मन खर्ची पडत नाही. घरासाठी हे पुरे होतं:

- सर्वात वरचा खण ग्लूटेनमुक्त सामानाचा. वरचा अशासाठी, की पीठ सांडलं तर खाली सांडतं.
- चाळण, लाकडी चमचे, कापायची फळी आणि टोस्टर वेगळे, एकाच ठळक रंगाचे. चाळणीच्या भोकांमध्ये शिजलेल्या पिठाचा पातळ थर वाळून बसतो, उजेडासमोर धरली की दिसतो आणि घासणीने निघत नाही. लाकडाच्या चिरांचंही तेच.
- लोणी, जॅम वगैरेंची डबी स्वतःची वेगळी, झाकणावर खूण.
- दोन्ही प्रकारचं शिजवायचं असेल तर ग्लूटेनमुक्त आधी.
- फ्रीझरमध्ये कायम तीन जेवणं तयार, पिशवीत कायम एक खाऊ. भूक आणि थकवा एकत्र आले की पथ्य मोडतं, हे बहुतेक घसरणींमागचं साधं कारण आहे.

पाकीट वाचताना नेहमी एकच क्रम ठेवा: आधी ग्लूटेनमुक्त खूण, मग घटकांची यादी, मग ‘अंश असू शकतात’ ही सूचना. घटक बदलले तरी वेष्टन तसंच राहतं, म्हणून ओळखीचं पाकीटही दर वेळी वाचा. यादी नाही तर खायचं नाही, आणि त्यावर स्वतःशी वाद घालायचा नाही.

पाचवी पायरी: वाक्यं पाठ करा

या आजारात सर्वात जास्त जखमा माणसांमध्ये होतात. आग्रह करणारा बहुधा वाईट नसतो. अन्न नाकारणं म्हणजे आपल्याला नाकारणं असं त्याला वाटतं आणि तो बचावात जातो. समोरच्याला मान आणि स्वतःला पथ्य, दोन्ही राखणारी वाक्यं ऐनवेळी सुचत नाहीत, ती आधी तयार असावी लागतात. आरशासमोर मोठ्याने म्हणून बघा. तोंडाला सवय झालेलं वाक्य घाबरलेल्या क्षणीही बाहेर पडतं.

कुणी विचारलं तर: ‘मला सिलिॲक आहे. गव्हातल्या ग्लूटेनमुळे माझी प्रतिकारशक्ती माझ्याच आतड्यावर हल्ला करते. कणभरही चालत नाही, बाकी मी सगळं आनंदाने खातो.’ एवढं पुरतं, वैद्यकीय व्याख्यान नको.

जेवायला बोलावलं तर दोन दिवस आधी: ‘तुझ्याकडे यायची मला मनापासून इच्छा आहे. माझ्या पथ्याचा तुला ताप नको, म्हणून माझा डबा मी घेऊन येतो. तू फक्त एक बाजू मोकळी ठेव.’ यजमानाने तरीही काही करायचं म्हटलं तर त्याला न चिरलेली फळं किंवा सालीसकट भाजलेला बटाटा सुचवा. त्याला काही दिल्याचं समाधान मिळतं आणि तुम्हाला धोका राहत नाही.

‘एक घास घेतल्याने काय होतं?’ या प्रश्नाला: ‘त्रास मला लगेच दिसला नाही तरी आत होतो. तुमचा आग्रह प्रेमाचा आहे, ते पोचलं.’ आणि लगेच दुसऱ्या विषयाकडे वळा. तिसऱ्यांदा आग्रह झाला तर फक्त ‘नको, खरंच नको.’ कारणं वाढवली की वाद वाढतो.

‘हे हल्लीचं फॅड आहे’ म्हणणाऱ्याला एक आकडा सांगावा: डच बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांनी गहू आणि या आजाराचा संबंध आपल्या प्रबंधात मांडला तो १९५० साली.

हॉटेलात गर्दीच्या वेळेआधी फोन करा. ‘ग्लूटेनमुक्त आहे ना?’ असं विचारू नका. घाईतला माणूस ‘हो’ म्हणून मोकळा होतो. ‘हा पदार्थ तुम्ही कसा करता?’ असं विचारा आणि ऐका. सॉस कशाने दाट करतात, तेल कोणतं वापरतात, भांडं वेगळं आहे का, हे त्या उत्तरात आपोआप येतं. उत्तर देणारा अडखळला किंवा वैतागला तर तीच माहिती समजा. तिथे पेय घ्या, गप्पा मारा, जेवण घरून करून जा. गप्पांसाठी गेलात आणि गप्पा मारून आलात, तर ती संध्याकाळ फुकट गेलेली नाही.

सहावी पायरी: चूक होईल त्या दिवसाचा कागद आजच लिहा

कितीही जपलं तरी कधीतरी ग्लूटेन पोटात जातंच. त्या क्षणी डोकं चालत नाही, म्हणून कागद आधी तयार हवा.

पहिला तास: खाणं थांबवा. उलटी काढू नका, उपास धरू नका. ग्लूटेन पचवण्याचा दावा करणाऱ्या गोळ्यांनी झालेली चूक पुसली जात नाही. त्रास सुरू होणार असेल तर तो बऱ्याचदा दोन-चार तासांत मळमळ किंवा उलटीने सुरू होतो, त्यामुळे गाडी चालवणं किंवा महत्त्वाचं काम असेल तर कुणाला तरी कळवून ठेवा. मग पाच मिनिटं श्वास: चार मोजत आत, सहा मोजत बाहेर. बाहेरचा श्वास लांबवला की धडधड उतरते.

पहिले तीन दिवस: पाणी, उलट्या-जुलाब असतील तर जलसंजीवनी, साधं अन्न, लवकर झोप. ‘डोक्यात धुकं’ येणं, विनाकारण रडू येणं हेही या दिवसांत होतं. म्हणून या तीन दिवसांत नोकरी, नातं, आयुष्य याबद्दल कोणताही मोठा निष्कर्ष काढायचा नाही, हे कागदावर ठळक लिहा. उलटी थांबत नसेल, रक्त पडत असेल, लघवी फार कमी झाली असेल किंवा पोटात असह्य दुखत असेल तर डॉक्टरांकडे जा.

चौथ्या दिवशी: पंधरा मिनिटांची चौकशी, घड्याळ लावून. काय खाल्लं, कुठे, आणि नियमात भोक कुठे राहिलं? ‘मी निष्काळजी आहे’ हे उत्तर ग्राह्य नाही, त्यातून काही दुरुस्त करता येत नाही. ‘सॉसबद्दल विचारलं नव्हतं’ हे ग्राह्य आहे, कारण उद्यापासून विचारता येतं. पंधरा मिनिटांत सापडलं नाही तर ‘सापडलं नाही’ असं लिहून विषय बंद. प्रत्येक पोटदुखी ग्लूटेनची नसते, दुधातली साखर न पचणं किंवा संवेदनशील आतडंही असू शकतं. उलट काहींना ग्लूटेन जाऊनही काहीच जाणवत नाही. त्यामुळे लक्षणांवरून नुकसानाचा हिशोब मांडू नका, तो पुढच्या तपासणीवर सोडा.

जाणूनबुजून मोडलेल्या पथ्याची गोष्ट थोडी वेगळी. तिथे खरा घात पहिल्या घासाने होत नाही, ‘आता झालंच आहे तर’ या वाक्याने होतो. लाज वाटते, लाजेतून लपवणं येतं आणि मग आठवडाभर सगळंच सुटतं. यावर उपाय म्हणजे ‘असं झालं तर तसं’ या साच्यातलं आधी लिहिलेलं वाक्य: ‘मी मुद्दाम खाल्लं, तर पुढचंच जेवण पथ्याचं असेल आणि एका माणसाला मी सांगेन.’ त्या माणसाचं नावही आत्ताच लिहा.

सातवी पायरी: सावधगिरीच आजार झाली असेल तर

न्यूयॉर्कमधल्या संशोधकांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात, पथ्याबाबत अतिदक्ष असलेल्या प्रौढांचं जीवनमान तुलनेने कमी आढळलं. पथ्य काटेकोर हवंच. पण आधी सोसत होते असे पदार्थही एकेक करून बंद होत चालले, वजन घटू लागलं, घरच्यांनी धुतलेलं भांडं पुन्हा पुन्हा धुवावंसं वाटतं, महिनोन्‌महिने घराबाहेर घोटभर चहाही घेतलेला नाही, अशी खूण दिसली तर भीतीने पथ्याला मागे टाकलंय.

इथे शिडी उपयोगी पडते. टाळत असलेल्या पाच सुरक्षित गोष्टी लिहा आणि प्रत्येकीला भीतीचे ० ते १० गुण द्या. उदाहरणार्थ: घरच्यांनी आपल्या वेगळ्या भांड्यात केलेलं खाणं ३, मित्राच्या घरी स्वतःचा डबा खाणं ४, बंद बाटलीतलं पेय बाहेर पिणं ४, खात्रीच्या ठिकाणी साधा पदार्थ ७, परगावी तसंच ८. खालच्या पायरीपासून सुरुवात करा आणि भीती निम्मी होईपर्यंत तीच पायरी करत राहा, मग वरची. भीती मध्येच वाढली म्हणून उठून जाऊ नका. थांबलात तर ती आपोआप उतरते आणि उतरते हेच शिकायचं असतं. ग्लूटेन या शिडीवर कुठेच नाही, ‘थोडं खाऊन धीर वाढवणं’ हा उपाय नव्हे. सहा आठवड्यांत शिडी हलली नाही किंवा वजन घटत असेल तर वर्तन-विचार उपचार जाणणारे मानसोपचारतज्ज्ञ आणि आहारतज्ज्ञ दोघांनाही भेटा, एकट्याने रेटू नका.

घरची माणसं

जोडीदाराला ‘मला समजून घे’ असं सांगून काही होत नाही. नेमकं काम द्या: पाकिटं वाचणं, समारंभात यजमानाशी पहिल्यांदा बोलणं, चूक झालेल्या दिवशी सहाव्या पायरीतला कागद हातात देणं. आईवडील, भावंडं आणि मुलं यांच्यात हा आजार असण्याची शक्यता साधारण दहात एक असते, म्हणून त्यांनी रक्ततपासणी करून घ्यावी. ती होईपर्यंत त्यांनी गहू सोडू नये, सोडला तर आजार असूनही तपासणी निर्दोष येऊ शकते. मुलाला आजार निघाला की पालक स्वतःला दोषी मानतात. जनुकं आपण निवडून देत नाही, आणि ती जनुकं असलेल्या बहुतेकांना हा आजार कधीच होत नाही. त्या मुलाला आई किंवा बाबा निवांतपणे आपला डबा उघडताना रोज दिसतात, हे त्याच्या फार उपयोगी पडतं.

तपासणीच्या दिवशी

पहिल्या वर्षी साधारण सहा आणि बारा महिन्यांनी, नंतर वर्षातून एकदा भेट ठेवा. टीटीजीच्या आकड्यासोबत तीन ओळी लिहून न्या: गेल्या तीन महिन्यांत किती वेळा घराबाहेर जेवलो, किती आमंत्रणं केवळ पथ्यामुळे टाळली, आणि पीएचक्यू-९ चे गुण किती. डॉक्टर मनाबद्दल आपणहून विचारतीलच असं नाही, कागद पुढे केला की विचारतात. आकडा उत्तम, पण टाळलेली आमंत्रणं बरीच असतील तर ‘सगळं छान आहे’ ऐकून उठू नका. दुसरी ओळ बोटाने दाखवा आणि त्याबद्दल बोलायला वेळ मागा.